पाच मिनिटांची सरासरी

शाळेच्या संगणक-कक्षात सगळ्या तारा ज्या चपट्या पेटीत येऊन मिळतात, ती पेटी म्हणजे स्विच. तार जिथे खोचली जाते ते तोंड म्हणजे पोर्ट. पोर्टजवळचा दिवा लागला, की जोडणी जिवंत आहे एवढे कळते. पण त्या पोर्टमधून किती माहिती वाहते आहे, हे दिव्याच्या लुकलुकण्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी मोठ्या संस्थांतून एमआरटीजी नावाची आज्ञावली वापरली जात आली आहे. तिने काढलेले हिरवे-निळे आलेख अनेकांना अखेरचा पुरावा वाटतात. त्या पुराव्याचीच येथे तपासणी करायची आहे.

आधी गुण पाहू. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात १९९४ च्या सुमारास बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची वाहिनी होती. तिच्यावर किती भार पडतो, हे सर्वांना पाहता यावे म्हणून टोबियस ओटिकर यांनी ही आज्ञावली रचली आणि १९९५ साली ती सर्वांसाठी खुली केली. तिची पद्धत विजेच्या मीटरसारखी आहे. व्यवस्थापनाची सोय असलेल्या स्विचमध्ये प्रत्येक पोर्टचा गणक असतो. गेलेला प्रत्येक बाइट तो मोजतो. आज्ञावली दर पाच मिनिटांनी आकडा वाचते, मागील आकडा वजा करते आणि तीनशे सेकंदांनी भागते. जुनी माहिती ती आटवत नेते, म्हणून नोंदवही कधी फुगत नाही. इतक्या साध्या कल्पनेतून इतके उपयुक्त साधन क्वचितच तयार होते.

दोष या भागाकारात आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एका उपकरणाच्या नोंदी संगणकापर्यंत पोचताना मधूनमधून गळू लागल्या. हरवलेली नोंद पुन्हा मागण्याची सोय त्या उपकरणात नव्हती. तक्रार केली तेव्हा आलेख पुढे ठेवण्यात आला : शंभर मेगाबिटचा पोर्ट, आणि भार कधीही वीस-बावीसच्या वर गेलेला नाही. रस्ता जवळजवळ मोकळा. तेव्हा चूक तुमच्या विद्यार्थिनीच्या आज्ञावलीत असणार! मीही ते मान्य केले. तिने तीन आठवडे आपल्या आज्ञावलीची ओळ न् ओळ तपासली. चूक सापडली नाही. शेवटी आम्ही तोच गणक दर दहा सेकंदांनी वाचला. दर तासाला दुसऱ्या एका संगणकावरील माहितीची प्रत त्याच पोर्टमधून जात होती आणि सुमारे एक मिनिट तो पोर्ट काठोकाठ भरत होता. शंभर मेगाबिट साठ सेकंद आणि शून्य दोनशे चाळीस सेकंद, यांची सरासरी बरोबर वीस येते. आकडा खरा होता. त्यावरून मी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

साप्ताहिक आलेखात अर्ध्या तासाची, मासिक आलेखात दोन तासांची आणि वार्षिक आलेखात पूर्ण दिवसाची सरासरी असते. इतर वाहतूक शून्य धरली, तर आमचा वीसचा सुळका आठवड्याच्या आलेखात ३.३ वर आणि महिन्याच्या व वर्षाच्या आलेखात १.७ वर येतो. उच्चांक वेगळा दाखवण्याची सोय आज्ञावलीत आहे. पण तोही पाच मिनिटांच्या सरासरीचाच उच्चांक!

दुसरा दोष उभ्या अक्षाचा. वेगळे सांगितले नाही, तर तो अक्ष त्या आलेखातील सर्वाधिक मूल्यानुसार ताणला जातो. त्यामुळे पोर्टमधून दोन मेगाबिट गेले काय किंवा ऐंशी गेले काय, डोंगर जवळपास तेवढाच उंच दिसतो. घाईत पाहणारा आकार पाहतो, अक्षावरचे आकडे पाहत नाही.

तिसरी मर्यादा गणकाची. ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजले की पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या शंभर मेगाबिटच्या पोर्टवर याला ५.७ मिनिटे लागतात, म्हणजे पाच मिनिटांचे वाचन जेमतेम निभावते. एक गिगाबिटच्या पोर्टवर मात्र जेमतेम ३४ सेकंद लागतात. दोन वाचनांच्या मध्ये गणक अनेकदा फिरून येतो आणि वाहतूक वाढली असताना आलेख खाली पडू शकतो. म्हणून वेगवान पोर्टांसाठी ६४ बिटांचे गणक आले. ते वाचण्याची दक्षता मात्र आपण घ्यायची.

पोर्ट चालू आहे की बंद, या प्रश्नाची गोष्ट आणखी वेगळी. गणक काही विसरत नाही. उशिरा वाचला तरी बेरीज मिळते. स्थितीला अशी आठवण नसते. पोर्ट वीस सेकंद बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही वाचनांत 'चालू' हेच उत्तर येईल. स्थिती शेवटची केव्हा बदलली, ती वेळ स्विच जपून ठेवतो. रांगेत जागा नाही म्हणून टाकून दिलेल्या पॅकेटांचाही वेगळा गणक त्यात असतो. आम्हाला उत्तर तिथेच मिळाले असते. पण तो आकडा आलेखावर नव्हता आणि आम्ही तो विचारलाही नाही.

तर मग साधन वाईट का? नाही. दिवसाच्या कोणत्या प्रहरी भार वाढतो, वाहिनी मोठी घ्यावी का, या प्रश्नांना ते उत्तम उत्तर देते. ते त्यासाठीच घडवले होते. क्षणिक कोंडीचा प्रश्न त्याला विचारणे ही आपली चूक.

ही गोष्ट समजायला वर्गात स्विचची गरज नाही. फळ्यावर दहा-दहा सेकंदांचे तीस आकडे लिहा : सहा वेळा शंभर, चोवीस वेळा शून्य. अर्ध्या वर्गाला सर्व आकड्यांचा आलेख काढू द्या आणि उरलेल्यांना फक्त सरासरीचा. मग दोन्ही गटांना एकच प्रश्न विचारा : रस्ता मोकळा होता का? उत्तरे जुळणार नाहीत. ती का जुळत नाहीत, हे मुलांनाच शोधू द्यावे.