खरवई : स्थलनाम आणि जलमार्गाची शब्दसंपदा
उल्हास खोऱ्यातील स्थलनामांची लोकप्रचलित मीमांसा बहुधा नादसाम्यावर विसंबते, ही तिची मूलभूत मर्यादा होय. बदलापूरचे नाव घोडे बदलण्याशी जोडले जाते. त्याच न्यायाने तेथील खरवईचा संबंध ‘खार’ म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीशी जोडणे सोपे आहे. परंतु बदलापुरात उल्हासचे पाणी गोडे आहे. याउलट कल्याणच्या व्यापारी बंदराला पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ची लिखित साक्ष आहे. ‘पत्तन’ संस्कृत, ‘बंदर’ फारसी. ‘तर’ आणि ‘उतार’ हे शब्द मात्र नदी ओलांडणाऱ्यांच्या नित्य व्यवहारातले. घोडेस्वारांच्या कथांमागे नावाड्यांचा हा इतिहास झाकोळतो. म्हणून व्युत्पत्तीला ध्वनीबरोबरच लेख व भूगोल यांचा आधार अनिवार्य ठरतो.