ड्रॅगनशी मुकाबला : एका रचनाकलेची सद्यःस्थिती

ज्या खेळाने आपल्या नावातच ड्रॅगनला मानाचे स्थान दिले, त्या खेळाला या प्राण्याशी होणारा मुकाबला कसा रचावा हे अर्धशतक उलटल्यावरही पुरते उमगलेले नाही, असे विधान प्रथमदर्शनी कठोर वाटेल; परंतु 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या निरनिराळ्या आवृत्त्या क्रमाने समोर ठेवून पाहिल्या, तर प्रत्येक पिढीच्या रचनाकारांनी त्याच एका प्रश्नाशी नव्याने झुंज घेतलेली आढळते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार होऊन कल्पित जगाचे वर्णन करतो, उरलेले चार-पाच जण योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका धारण करून आपण काय करू ते सांगतात आणि जेथे फळ अनिश्चित असेल तेथे फासा निवाडा देतो. अशा खेळात ड्रॅगन हा केवळ एक बलाढ्य शत्रू नसून सूत्रधाराच्या कल्पकतेची अखेरची परीक्षा असतो.

1977 सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथातील ड्रॅगन आजच्या वाचकाला अशक्त वाटतो. अतिप्राचीन आणि सर्वांत थोराड अशा तांबड्या ड्रॅगनचे हिट पॉइंट, म्हणजे त्याचे प्राणबळ मोजणारा अंक, फार तर 88; आणि अग्निफूत्कार दिवसातून तीनदाच. परंतु त्याच ग्रंथात ड्रॅगन निद्रिस्त सापडण्याची शक्यता किती, त्याला वाचा असण्याची किती, मंत्रविद्या अवगत असण्याची किती, हे स्वतंत्रपणे नमूद केलेले होते. शिवाय त्याला न मारता वश करून घेण्याचा विधीही तपशिलाने दिला होता. अंकांनी दरिद्री असलेला हा ड्रॅगन प्रसंगांनी मात्र श्रीमंत होता, कारण त्याच्या गुहेत पाऊल टाकणाऱ्याला जागे करावे की न करावे, बोलावे की वार करावे, मारावे की बांधून न्यावे, असे प्रश्न तलवार उपसण्यापूर्वीच पडत. पुढे 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने त्याच्या वयाचे बारा टप्पे पाडून त्याला खरोखर भयंकर केले, आणि 2014 च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत प्राचीन तांबड्या ड्रॅगनचे हिट पॉइंट 546 वर पोचले. दोन्ही काळांतील शस्त्रांची इजा सारखी नसल्याने ही तुलना शब्दशः घेऊ नये. तथापि प्रवाहाची दिशा तीतून स्पष्ट दिसते.

या वाढीमागे एक खरी अडचण होती, आणि ती न सांगता रचनाकारांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. पाच खेळाडू एका शत्रूवर चालून जातात तेव्हा प्रत्येक फेरीत त्यांना पाच पाळ्या मिळतात आणि शत्रूला एक. त्यामुळे तो कितीही बलवान असला तरी त्याची पाळी येईपर्यंत तो जखडला, आंधळा केला अथवा भुलवला जातो, आणि ज्याच्या दहशतीने सारा मुलूख थरकापला त्याचा अंत दोन फेऱ्यांत उरकतो. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने एकट्याने पाचांना पुरून उरेल अशा शत्रूचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला आणि ड्रॅगनचे बळ निम्म्यावर येताच त्याने तत्क्षणी पुन्हा फूत्कार टाकावा अशी तजवीज केली. पाचव्या आवृत्तीने इतरांच्या पाळ्या संपताच करावयाच्या तीन जादा कृती त्याला बहाल केल्या, आणि बचावाचा फासा फसला तरी तो साधला असे ठरवण्याचा अधिकार दिवसातून तीनदा दिला. 'पाथफाइंडर' या भावंड खेळाच्या 2019 च्या आवृत्तीत ड्रॅगनचा एखादा घाव अतिशय अचूक बसला की त्याचा फूत्कार पुन्हा सिद्ध होतो. रचनाकार मॅट कोलव्हिल यांच्या मंडळींनी 2023 च्या 'फ्ली, मॉर्टल्स!' या शत्रुसंग्रहात खलनायकाला एकेकदाच वापरता येणाऱ्या तीन कृती देऊन युद्धाला आरंभ, मध्य आणि परमोत्कर्ष अशी नाट्यरचना देऊ केली.

हे उपाय एकाच मापाने मोजता येत नाहीत. बळ निम्म्यावर येताच उसळणारा फूत्कार हा उत्तम उपाय होय, कारण तो घायाळ श्वापदाच्या स्वभावाशी जुळतो, आणि एकदा अनुभव घेतलेले खेळाडू पुढच्या वेळी तो क्षण जवळ येताना ओळखून पांगतात. याउलट फसलेला फासा साधला असे जाहीर करण्याचा अधिकार युद्ध लांबवतो खरा, पण मांत्रिकाने विचारपूर्वक निवडलेला मंत्र काहीही न घडता विरून जातो. खेळाडूच्या निर्णयाला येथे उत्तर मिळत नाही, नकार तेवढा मिळतो. आव्हान आणि अडवणूक यांतला भेद हाच आहे. ज्याला पुरेशी माहिती आहे, ज्याच्यापुढे अनेक वाटा आहेत आणि ज्याच्या प्रत्येक वाटेची काही किंमत आहे, त्यालाच आव्हान मिळाले असे म्हणता येते. ज्याच्या हाती फासे टाकत राहण्यापलीकडे काही उरले नाही, त्याची केवळ दमछाक होते.

स्थळाची गोष्ट याहून महत्त्वाची. 2014 च्या ग्रंथातील प्रौढ तांबडा ड्रॅगन एका पाळीत ऐंशी फूट उडतो आणि साठ फूट लांबीच्या शंकूत सरासरी 63 इजेचा अग्नी ओकतो. मोकळ्या आकाशात तो केवळ घिरट्या घालत राहिला तर खालच्या मंडळींना आशा नाही, आणि ठेंगण्या दालनात कोंडला गेला तर त्याचीच धडगत नाही. म्हणजे मुकाबल्याचे काठिण्य अंकांच्या तक्त्यात ठरण्याआधी छताच्या उंचीत ठरते. काळा ड्रॅगन दलदलीच्या पाण्याखाली श्वास घेऊ शकतो, निळा वाळूत बीळ करून शिरतो, पांढरा बर्फावर न घसरता चालतो. आपापल्या हद्दीत यांतला प्रत्येक जण जहागिरदार आहे. कोबोल्ड नावाच्या साध्या, दुबळ्या जिवांनी केवळ भुयारांच्या बंदोबस्तावर बलाढ्य वीरांना कसे जेरीस आणले याची हकीकत रॉजर मूर यांनी 1987 साली 'ड्रॅगन' मासिकाच्या संपादकीयात सांगितली होती. क्षुद्रांनी जे गनिमी काव्याने साधले, ते शतकानुशतके एकाच गुहेत राहिलेल्या बुद्धिमान प्राण्याने का साधू नये? 2014 च्या ग्रंथात या विचाराची बूज राखलेली दिसते: तांबड्या ड्रॅगनच्या गुहेत दर फेरीला शिलारस उसळे, भूमी हादरे किंवा विषारी वायू पसरे. 2025 मध्ये आलेल्या नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'ने मात्र युद्धात भाग घेणारी ही गुहा काढून टाकली आणि स्वगृही असलेल्या ड्रॅगनला एक जादा कृती व एक जादा बचाव देऊन हिशेब मिटवला. सूत्रधाराचे श्रम वाचले हे मान्य. पण जेथे भूमी बोलत होती तेथे आता बेरीज आहे, आणि ही पीछेहाट आहे असे मला निःसंशय वाटते.

तिसरे आणि सर्वांत उपेक्षित अंग ड्रॅगनच्या इच्छेचे. टॉल्किन यांच्या 1937 च्या 'द हॉबिट'मध्ये स्मॉग हा ड्रॅगन मरतो तो बाणाने. परंतु त्याच्या छातीवरील उघडी जागा आधी संभाषणात उघड होते, आणि तिची वार्ता वेळेवर पोचते म्हणून बाण सार्थ ठरतो. आपल्या परंपरेतही यक्षाच्या सरोवराकाठी चार पराक्रमी भाऊ पडले आणि उत्तरे देणारा पाचवा टिकला. कालियाचा वध न होता त्याला डोह सोडून जाण्याची आज्ञा झाली. मुकाबल्याचा शेवट मृत्यूतच व्हावा हा नियम कोणत्याही पुराणाने घातलेला नाही. सुदैवाने प्रकाशित साहसकथांतही याची जाण तुरळक आढळते. 2014 च्या 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर'मधील व्हेनमफँग हा तरुण हिरवा ड्रॅगन एका उद्ध्वस्त गावातील मनोऱ्यात ठाण मांडून बसतो. त्याचे बळ 136, फूत्काराची सरासरी इजा 42, म्हणजे नवख्या मंडळींचा एका श्वासात निकाल. तरीही हा प्रसंग रास्त आहे, कारण तो टाळता येतो, ड्रॅगनशी बोलता येते, आणि अर्धे बळ गमावताच तो जीव वाचवून उडून जातो. त्याच वर्षीच्या 'होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन'मध्ये आरंभीच निळा ड्रॅगन गावावर तुटून पडतो. तेथे त्याचा वध अपेक्षितच नाही, त्याला काढता पाय घ्यायला लावणे हीच फत्ते.

या कलेचे गणित आज प्रौढ झाले आहे, परंतु तिचे नाट्य अजून बाल्यावस्थेत आहे, असा माझा निष्कर्ष आहे. ड्रॅगन किती घाव सोसेल हे प्रत्येक ग्रंथ अचूक सांगतो. तो खंडणी कोणाकडून घेतो, त्याला खबर कोण पोचवतो, कोणत्या अटीवर तो तहाला राजी होईल, हे सूत्रधाराने आपल्या पदरचे घालावे लागते, आणि नवखा सूत्रधार ते न घालताच फासे मांडतो. पहिल्या ग्रंथाने निद्रा, वाचा आणि शरणागती यांची नोंद अंकांच्या शेजारीच केली होती. ती वहिवाट पुन्हा सुरू व्हावी. हिट पॉइंटच्या ओळीखाली आणखी एकच ओळ छापली जावी: हा ड्रॅगन जीव वाचवण्यासाठी काय सोडून देईल, आणि कशासाठी जीव देईल. ज्या मंडळींना त्या ओळीचा शोध लागेल त्यांना 546 चा आकडा संपवण्याची गरज पडणार नाही. आणि ज्यांना लागणार नाही, त्यांना आपण नेमके कोठे चुकलो हे निदान कळेल.