स्वस्त कुणाला पडतं?

आउटलेटमध्ये टॅगवरची खोडलेली किंमत बघूनच आपण अर्धे खूश होतो. ही खुशी कशी घडवली जाते, हे एमिल झोलाने १८८३च्या ‘ओ बोनर दे दाम’ या कादंबरीत दाखवलं. त्यातला पॅरिसचा दुकानदार मूरे रेशीम तोट्यात विकतो आणि विभाग मुद्दाम विखरून ठेवतो, म्हणजे रेशमासाठी आलेलं गिऱ्हाईक भरकटत बाकीचंही घेईल. शेजारचे जुने कापडवाले बुडतात, विक्रेत्या मुली राबून थकतात, तेही झोला लपवत नाही. शेवटी मात्र त्यांतल्याच देनीझचं मालकाशी लग्न ठरवून तो सगळं गोड करतो. कादंबरी तिथे कमी पडते. आपल्या बिलावरही ‘तुम्ही वाचवले’ एवढंच छापतात. ते कुणाच्या खिशातून, हे नाही.