‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ : मुखपृष्ठाची एक समस्या

रहस्यकादंबरीच्या मुखपृष्ठाकडून सामान्यतः दोन गोष्टींची अपेक्षा केली जाते : त्याने वाचकाची उत्सुकता चाळवावी आणि रहस्य मात्र फोडू नये. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा वाचणाऱ्या मराठी वाचकवर्गाला हा संकेत चांगला परिचित आहे. परंतु गुन्हेगार कोण, हे आरंभीच सांगून टाकणाऱ्या कादंबरीला तो कसा लावावयाचा? फिलिप मेडोज टेलर (१८०८-१८७६) याच्या, १८३९ साली लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने ही समस्या निर्माण केली आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तारुण्यात निजामाच्या चाकरीत असताना टेलर तुळजापूरच्या परिसरात होता. पुढे १८५३ च्या तहानंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारही त्याच्याकडे आला. त्याची ‘तारा’ (१८६३) ही कादंबरी तर तुळजापुरातच सुरू होते आणि तिची नायिका देवीच्या सेवेतील एका शास्त्र्याची कन्या आहे. म्हणजे भवानी ही त्याला केवळ ऐकीव देवता नव्हती.

ठगांवरील पुस्तकांसाठी चित्रकाराच्या हाती सहज येणारी प्रतीके म्हणजे उग्र देवीमूर्ती, कुदळ आणि अंधारातील क्रूर चेहरा. कादंबरीतील ठग भवानीचा कौल घेतात, हे खरेच. परंतु निवेदक अमीर अली हा मुसलमान असून कादंबरीचा भर त्याच्या मनाच्या घडणीवर आहे. देवीची मूर्ती मुखपृष्ठावर आली की खुनाचे कारण माणसाच्या मनातून निघून धर्माच्या माथी जाते. विलायतेतील वाचकाला ते चित्र अद्भुत वाटेल. जेथे भवानी ही घराघरांतील कुलस्वामिनी आहे, त्या प्रदेशात ते विपर्यस्त ठरेल. क्रूर चेहऱ्याचा दोष याहून वेगळा आहे. अमीर अलीचे सामर्थ्य त्याच्या सौजन्यात आहे. प्रवासी त्याच्यावर विश्वास ठेवतात म्हणूनच मरतात. चेहरा क्रूर काढल्यास हा विश्वासच अशक्य होतो.

दुसरा मार्ग म्हणजे पुस्तकाला दप्तरी कागदाचे रूप देणे : जुनी मोहोर, जबानीचा कागद, कैद्याचे रेखाचित्र. अमीर अली तुरुंगात माफीचा साक्षीदार म्हणून एका साहेबापुढे बोलतो, तेव्हा हे रूप वरकरणी सयुक्तिक वाटते. तथापि ठगीविषयीची पुष्कळशी माहिती अशाच साक्षीदारांकडून, कंपनी सरकारच्या चौकशीत मिळालेली आहे आणि तिच्या विश्वसनीयतेविषयी अलीकडील इतिहाससंशोधनात बराच वाद झालेला आहे. कादंबरीला कागदपत्राचा वेष चढविणारे मुखपृष्ठ त्या वादात नकळत एका पक्षाची साक्ष देते. कल्पित ते कल्पित म्हणूनच वाचकाच्या हाती पडावयास हवे.

मग उरते काय? उरतात त्या दोन साध्या वस्तू : रुमाल आणि जुने नाणे. रुमाल प्रत्येक वाटसरूच्या खांद्यावर असतो. त्यात भयानक असे काहीच नाही आणि याच कारणास्तव तो ठगाचे शस्त्र होऊ शकतो. अमीर अलीने जिला मारले ती आपलीच बहीण होती, हे त्याला पुढे एका जुन्या नाण्यावरून उमगते. कथेचे खरे रहस्य खुनी कोण हे नसून मेलेली कोण हे आहे. म्हणून घडी घातलेला रुमाल आणि त्यावर झिजलेले एक नाणे, एवढेच चित्र पुरेसे आहे. वाचन सुरू करताना वाचक ते निव्वळ वाटखर्चाचे नाणे समजेल. पुस्तक मिटताना त्याच नाण्याकडे पाहणे त्याला जड जाईल.

अशा मुखपृष्ठावर दुकानातील गिऱ्हाईक चटकन थांबणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी घडविलेली मराठी अभिरुची रंगांच्या व आकृतींच्या आवाहनाला सरावलेली आहे. परंतु त्यावर उपाय रंगयोजनेत व अक्षरलेखनात शोधता येतो. देवीमूर्ती उसनी आणण्याचे कारण नाही. रहस्यकादंबरीच्या मुखपृष्ठाने महत्त्वाची वस्तू दाखवावी, तिचा अर्थ मात्र कथेवर सोपवावा, हा नियम या कादंबरीच्या बाबतीत कलेचाही आहे आणि न्यायाचाही.