‘आद्य स्वीकारक’ : एका संज्ञेची चिकित्सा

१

शास्त्रातील संज्ञा शास्त्राच्या आवारात असते तोवर तिने वर्णनाचे काम करावे एवढीच अपेक्षा असते. ती बाजारात उतरली म्हणजे तिच्याकडून आणखीही कामे करून घेतली जातात आणि त्यांची नोंद कोणत्याही कोशात सापडत नाही. विद्युत् मोटारींच्या प्रचारात ‘अर्ली अडॉप्टर’ या संज्ञेचे असेच झाले आहे. नवी मोटार तयार करावयाची, ती प्रथम घेतील अशी थोडी माणसे हेरावयाची, त्यांच्या उत्साहाला व्यासपीठ मिळवून द्यावयाचे आणि त्यांच्या तोंडून उरलेल्या समाजाला ती मोटार पटवून द्यावयाची, अशी ही रीत आहे. ती कितपत यशस्वी होते याची चर्चा व्यापारशास्त्राचे अभ्यासक करीतच असतात. प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे ते निराळे. या माणसांना ‘आद्य स्वीकारक’ म्हटल्याने नेमके काय म्हटले जाते, काय गृहीत धरले जाते आणि काय झाकले जाते, हा आपला प्रश्न आहे. तो निव्वळ शब्दांचा नव्हे. जोखीम कोणाच्या खांद्यावर आणि जबाबदारी कोणाच्या, याची वाटणी पुष्कळदा नामकरणातच होऊन गेलेली असते.

२

या संज्ञेचा जन्म मोटारींच्या नव्हे, मक्याच्या संदर्भात झाला. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांत कसे पसरले याचा अभ्यास ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखतींवर तो आधारलेला होता. नव्या बियाण्याची वार्ता बहुतेकांना प्रथम विक्रेत्यांकडून कळली, परंतु ते पेरावे हा निर्णय घेताना शेजाऱ्यांचा अनुभव अधिक निर्णायक ठरला, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष. पुढे आयोवातच वाढलेले समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली आपल्या ग्रंथात नवकल्पनांच्या प्रसाराचा व्यापक सिद्धान्त मांडला आणि स्वीकार करणाऱ्यांचे पाच वर्ग पाडले. पहिले अडीच टक्के नवप्रवर्तक, नंतरचे साडेतेरा टक्के आद्य स्वीकारक, त्यानंतर चौतीस-चौतीस टक्क्यांचे पूर्व व उत्तर बहुसंख्य आणि शेवटी मागे रेंगाळणारे सोळा टक्के.

या टक्केवारीचे मूळ संख्याशास्त्रातील सामान्य वक्रात आहे. स्वीकाराच्या काळाची सरासरी काढावयाची, तिच्यापासून प्रमाण विचलनाच्या अंतराने रेषा आखावयाच्या आणि दोन रेषांमध्ये जो सापडेल तो त्या वर्गाचा, अशी ही कृती आहे. परंतु सरासरी निघण्यासाठी प्रसार पुष्कळसा घडून गेलेला असावा लागतो. आयोवातील मका जवळजवळ सर्वांनी स्वीकारल्यानंतरच, अमुक शेतकरी ‘आद्य’ होता, असे म्हणता आले. ही संज्ञा मुळात मागे वळून पाहणाऱ्याची आहे. तिचा काळ भूतकाळ आणि तिचा पुरुष तृतीय.

प्रचारात नेमकी हीच दोन्ही अंगे बदलतात. ‘ते आद्य स्वीकारक होते’ याच्या जागी ‘तुम्ही आद्य स्वीकारक आहात’ हे वाक्य येते. तृतीय पुरुषाचा द्वितीय पुरुष होतो, भूताचा वर्तमान होतो, आणि वर्णन होते ते संबोधन बनते. संबोधनाला वर्णनासारखे खरे-खोटे ठरविता येत नाही. ते मान देते, बोलावते, बांधून घेते.

३

संज्ञेचे दोन्ही घटक वेगळे करून पाहिल्यास हा बदल अधिक स्पष्ट होईल. ‘खरेदीदार’ म्हटले की विक्रेता आपोआप उभा राहतो आणि दोघांच्या मध्ये किंमत येते. ‘भाडेकरू’ म्हटले की मालक येतो. ‘स्वीकारक’ या शब्दात मात्र समोरचा पक्षच नाही. स्वीकार कल्पनेचा असतो, मताचा असतो, धर्माचा असतो. शेतकऱ्याने पेरणीची नवी पद्धत उचलली तेव्हा ‘स्वीकार’ हा शब्द बराचसा साजत होता. लक्षावधी रुपयांची मोटार घेणाऱ्याला मात्र तो लावला की व्यवहारातला विक्रेता पडद्याआड जातो आणि खरेदीला दीक्षेची कळा येते. ग्राहकाला तक्रार करण्याचा हक्क असतो. दीक्षा घेतलेल्याने तक्रार केली तर ती अश्रद्धा ठरते.

‘आद्य’ हा घटक याहून अधिक विचार करण्यासारखा आहे. हे विशेषण सापेक्ष आहे आणि आपल्यामागून कोणीतरी येणार हे ते गृहीत धरून चालते. मराठीत एकच अपत्य असलेल्या घरी ‘हा आमचा थोरला’ असे कोणी म्हणत नाही. थोरल्याला धाकटे लागते, नसेल तर तो एकुलता. त्याच न्यायाने, ज्याच्यामागून कोणी आले नाही तो आद्य नव्हे, एकाकी होय. सबब एखादी कंपनी आपल्या पहिल्या ग्राहकांना ‘आद्य’ म्हणते तेव्हा ती त्यांची केवळ स्तुती करीत नसते. मागून आणखी येतील, दुरुस्तीची सोय होईल, सुटे भाग मिळत राहतील, वाटेत वीज भरण्याची ठिकाणे उभी राहतील, असे वचन ती देत असते. फरक एवढाच की हे वचन विशेषणात दडलेले असल्यामुळे करारपत्रात कोठेही उमटत नाही.

४

या न उच्चारलेल्या वचनाचे काय होते याचे उदाहरण जनरल मोटर्सच्या ‘ईव्ही वन’ या मोटारीत सापडते. कॅलिफोर्नियाच्या हवा-संसाधन मंडळाने १९९० साली असा नियम केला होता की, १९९८ पासून मोठ्या उत्पादकांच्या तेथील विक्रीत दोन टक्के मोटारी धूर न सोडणाऱ्या असाव्यात. या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९९६ मध्ये ईव्ही वन कॅलिफोर्निया व ॲरिझोनातील निवडक शहरांत उपलब्ध झाली. ती विकत मिळत नव्हती. केवळ भाडेकराराने मिळत होती. एकूण १,११७ गाड्या तयार झाल्या. ज्यांना त्या मिळाल्या त्यांच्यापैकी अनेकांनी त्यांचा प्रचार मनोभावे केला. शेजाऱ्यांना बसवून फिरविले, सभांतून सांगितले, मंडळापुढे साक्षी दिल्या. प्रसिद्धिखात्याला याहून चांगले कार्यकर्ते मिळाले नसते.

मधल्या काळात नियम सैल होत गेला आणि कंपनीने हा कार्यक्रम गुंडाळला. करार संपताच गाड्या परत घेण्यात आल्या. गाडी विकत घेण्याची कित्येकांची तयारी होती, पण कंपनीने नकार दिला. सुटे भाग व दुरुस्ती यांची पुढे शाश्वती देता येणार नाही, हे एक कारण सांगण्यात आले. थोड्या गाड्या निकामी करून संग्रहालयांना व विद्यापीठांना दिल्या गेल्या. उरलेल्या बहुतेक मोडीत निघाल्या. २००५ साली बरबँक येथील आवारात राहिलेल्या शेवटच्या काही गाड्यांसाठी त्यांच्या जुन्या चालकांनी रात्रंदिवस पहारा दिला, तरी त्या वाचल्या नाहीत. २००६ साली ख्रिस पेन यांनी काढलेल्या माहितीपटामुळे ही कथा सर्वत्र पोहोचली.

येथे कंपनीने कराराचा भंग केला असे म्हणता येणार नाही. करारात जे लिहिले होते तेच झाले. मग त्या चालकांचा एवढा संताप का झाला? मला वाटते, त्यांनी करारातील ‘भाडेकरू’ हा शब्द वाचला होता, परंतु ऐकला होता तो ‘आद्य’ हा शब्द. भाडेकरूला मुदत संपताच जागा सोडावी लागते. अग्रेसराला मात्र आपण एका वाटेचे धनी आहोत असे वाटते. एकाच व्यक्तीला कागदावर एक आणि कानात दुसरे नाव दिल्याचा हा परिणाम होता. त्यांचे दुःख यंत्र गेल्याचे होतेच, पण त्याहून अधिक ते थोरल्याचे एकुलते झाल्याचे होते.

नामकरणाची ही क्लृप्ती तेवढ्यावर थांबली नाही. २००९ साली बीएमडब्ल्यूने ‘मिनी ई’ ही प्रायोगिक विद्युत् मोटार अमेरिकेत सुमारे साडेचारशे लोकांना दरमहा ८५० डॉलर भाड्याने दिली. नंतरच्या ‘ॲक्टिव्ह ई’ या गाडीच्या चालकांना तर ‘इलेक्ट्रोनॉट’ असे नाव मिळाले. अंतराळवीराच्या इंग्रजी नावावरून बेतलेल्या या शब्दात साहस आहे, निवड आहे, गौरव आहे. अंतराळवीराला वेतन मिळते आणि येथे भाडे भरावे लागते, एवढे मात्र त्यात नाही. या गाड्यांतून मिळालेले ज्ञान कंपनीला पुढील मोटारीसाठी उपयोगी पडले, ही गोष्ट रास्त आहे आणि ती लपविलेलीही नव्हती. तथापि जो यंत्राची चाचणी करतो त्याला साध्या भाषेत परीक्षक म्हणतात, आणि परीक्षकाने शुल्क द्यावे की घ्यावे हा प्रश्न त्या साध्या शब्दामुळे लगेच उभा राहिला असता.

५

आद्य ग्राहकाचे प्रचारातील मोल त्याच्या साक्षीत असते. रायन व ग्रॉस यांच्या शेतकऱ्याने शेजाऱ्यावर विश्वास ठेवला, कारण शेजाऱ्याला बियाणे खपवावयाचे नव्हते. शिवाय पहिल्याने प्रथम थोड्याच जमिनीवर ते पेरले होते आणि पीक कुंपणापलीकडून दिसत होते. साक्षीदार निःस्वार्थी हवा, त्याची परिस्थिती ऐकणाऱ्यासारखी हवी, आणि प्रतिकूल तेही सांगण्याची त्याला मोकळीक हवी, अशा तीन अटी यातून निघतात. विद्युत् मोटारीच्या बाबतीत या तिन्ही अडचणीच्या ठरतात.

दुसरी अट प्रथम पाहू. जेफ्री मूर यांनी १९९१ साली दाखवून दिले की, आद्य स्वीकारक आणि पूर्व बहुसंख्य यांच्यामध्ये एक दरी असते, कारण व्यवहारी माणूस दुसऱ्या व्यवहारी माणसाची साक्ष मागतो. स्वप्नाळू माणसाची त्याला पुरत नाही. ज्याच्या घरी पेट्रोलची दुसरी गाडी आहे आणि रात्री वीज भरण्यास स्वतःची जागा आहे, त्याचा अनुभव चाळीत वा सदनिकेत राहणाऱ्या एका गाडीच्या कुटुंबाला कितीसा लागू पडणार?

निःस्वार्थीपणाच्या अटीचा भंग टेस्लाच्या उदाहरणात दिसतो. त्या कंपनीचे एक श्रेय आधी मान्य केले पाहिजे. २००६ साली ईलॉन मस्क यांनी आपली योजना उघडपणे मांडली होती. प्रथम महागडी मोटार, तिच्या पैशातून कमी किमतीची, तिच्यातून आणखी स्वस्त. विशेषणात दडणारे वचन येथे वाक्यात उच्चारले गेले. २००८ सालची ‘रोडस्टर’, २०१२ सालची ‘मॉडेल एस’ आणि २०१७ सालची ‘मॉडेल ३’ या क्रमाने ते बऱ्याच अंशी पाळलेही गेले. परंतु २०१५ पासून, नवा ग्राहक आणून देणाऱ्या जुन्या ग्राहकाला बक्षीस देण्याची योजना सुरू झाली. त्या क्षणी साक्षीदार अडत्या झाला. अडत्याचे म्हणणे खोटेच असते असे नाही. पण ते साक्ष म्हणून घेता येत नाही.

तिसऱ्या अटीची कसोटी निसानच्या ‘लीफ’ने पाहिली. ही मोटार अमेरिकेत डिसेंबर २०१० मध्ये आली. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड राखण्याची व्यवस्था नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातील मालकांना आढळले की, बॅटरीची क्षमता दाखविणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी काही लवकरच मावळत आहेत. काहींनी एकत्र जमून आपापल्या गाड्यांचा पल्ला मोजून पाहिला व तो जाहीर केला. कंपनीने पुढे, पाच वर्षे अथवा साठ हजार मैलांच्या आत पट्ट्या नऊहून कमी झाल्यास बॅटरी सुधारून वा बदलून देण्याची हमी दिली आणि ती आधीच्या गाड्यांनाही लागू केली. माझ्या मते या मोटारीची सर्वांत उपयुक्त सेवा याच मालकांनी केली. त्यांच्या तक्रारीने मागून येणाऱ्यांना हमी मिळवून दिली. प्रचाराच्या हिशेबात मात्र असा ग्राहक खर्चाच्या बाजूस पडतो.

६

यावर एक आक्षेप येऊ शकतो. पहिल्यांचा उपयोग केल्यावाचून कोणतीही नवी वस्तू समाजात रुजतच नाही. मग या चिकित्सेने साधते काय? आक्षेपातील पहिला भाग मान्य आहे. परंतु पहिल्यांचा उपयोग कोणी आणि कशासाठी करावा, याला एकच उत्तर नाही. नॉर्वेत १९८९ साली पर्यावरण-कार्यकर्ते फ्रेडरिक हाउगे व गायक मॉर्टन हार्केट यांनी विजेवर चालणारी केलेली एक फियाट पांडा आणली आणि पथकर भरण्यास नकार दिला. गाडी वारंवार जप्त झाली, लिलावात निघाली. त्यांनी आपल्या पहिलेपणाचा रोख शेजाऱ्याकडे नव्हे, शासनाकडे वळविला होता. १९९० मध्ये आयात-कर, १९९७ मध्ये पथकर व २००१ मध्ये मूल्यवर्धित कर यांतून विद्युत् मोटारींना सूट मिळाली. २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के पूर्णतः विजेवरच्या होत्या. या यशाचे सारे श्रेय एका गाडीला देणे भाबडेपणाचे ठरेल. तरी ‘आद्य’ या विशेषणातील गृहीत तेथे कायद्याच्या आधाराने खरे झाले, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडील एक उदाहरणही या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या विद्युत् वाहन धोरणात ठरावीक तारखेपूर्वी वाहन घेणाऱ्यास ‘अर्ली बर्ड’ या नावाने जादा सवलत होती. नाव उसने आणि काहीसे बालिश आहे खरे. पण या ‘अर्ली’चा अर्थ पंचांगात पाहून ठरविता येतो. देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, मुदत कोणती, हे सारे त्यात उघड आहे. त्यात गौरव कमी आणि अर्थ अधिक आहे.

म्हणून संज्ञा टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. अभ्यासकाने ती मागे वळून पाहताना खुशाल वापरावी. परंतु जेव्हा ती वर्तमानकाळात आणि द्वितीय पुरुषात आढळेल तेव्हा, ती कोण उच्चारतो आहे आणि त्यातील वचन त्याने कोठे लिहून दिले आहे, एवढे विचारणे आपले काम आहे. लिहून दिले असेल तर तो ग्राहक आद्य म्हणवून घेण्यास पात्र आहे. नसेल तर त्याला ग्राहकच म्हणावे. त्या साध्या शब्दात त्याचे हक्क तरी शाबूत राहतात.