खुरापासून सुरुवात : झेनोफनचा अश्वग्रंथ आणि आपली पागा

आपल्या मंडळात मराठी घोडदळावर निबंध वाचला गेला की तो पहिल्या पानापासूनच भरधाव सुटतो. मोहीम, छापा, मजल, पाठलाग. घोडा मात्र जणू आईच्या पोटातूनच लगाम घालून आलेला असतो. असे दोन निबंध मी स्वतः वाचले आहेत, तेव्हा ही टीका आधी माझ्यावरच. झेनोफन या ग्रीक लेखकाचा घोडेस्वारीवरचा छोटा ग्रंथ इंग्रजीतून वाचला आणि आपलं काय राहून गेलं ते कळलं.

झेनोफन अथेन्सचा, इ.स.पू. चौथ्या शतकातला. स्वतः स्वार, लढाया पाहिलेला. ग्रंथाची प्रकरणं अवघी 12. रुबाबदार चालीचा, मिरवणुकीतला घोडा त्यात येतो तो थेट 10व्या आणि 11व्या प्रकरणात. पहिलं प्रकरण सुरू होतं खुरापासून. त्याचं म्हणणं असं की वरचं घर कितीही देखणं असो, पायाच कच्चा असेल तर ते काय कामाचं, तसंच घोड्याचं. म्हणून आधी खूर पाहा, मग नळी, गुडघा, छाती, मान असं वर वर या. चांगला पोकळ खूर जमिनीवर झांजेसारखा वाजतो, हेही तो सांगतो. त्या काळी तिकडे खिळ्यांनी नाल ठोकण्याची रीत नव्हती. खूर टणक व्हावा म्हणून तो तबेल्याबाहेर गोटे पसरायला सांगतो.

पण मला खरं थांबवलं ते दुसऱ्या प्रकरणाने. शिंगरू शिकवायला पाठवण्याआधी ते माणसाळलेलं हवं, असा त्याचा आग्रह आहे. ते कसं करायचं? भूक, तहान, माश्यांचा त्रास हे एकटेपणी वाट्याला यावं. चारा, पाणी आणि सुटका माणसाच्या हातून मिळावी. मग शिंगरू आपणच माणसाची वाट पाहू लागतं. पुढे त्याला गर्दीतून, गोंगाटातून न्यावं. बुजलं तर मारू नये, भिण्यासारखं काही नाही हे शांतपणे दाखवावं. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, हा त्याचा पक्का नियम. जबरदस्तीने करवून घेतलेलं घोड्याला समजत नाही, आणि चाबकाने नाचवलेल्या नर्तकाइतकंच ते कुरूप दिसतं, हेही तो बजावतो. ऐकलं की लगेच मोकळीक द्यायची, हे सूत्र तर ग्रंथभर आहे. घोडा शिकतो तो या सुटकेच्या क्षणी. तो क्षण चुकवणारा स्वार पुढे कितीही कडक लगाम घालो, घोड्याचं तोंड तेवढं निबर होत जातं.

आता माझी तक्रार. पायाचं एवढं महत्त्व सांगणारा हा माणूस प्रत्यक्ष शिंगरू फोडायचं काम मात्र दुसऱ्याकडे सोपवतो. प्रतिष्ठिताने आपलं घर, राज्यकारभार, लढाई पाहावी. शिंगरू शिकवणाऱ्याकडे द्यावं, आणि काय काय शिकवायचं ते आधी लिहून ठरवावं, मुलाला धंदा शिकायला पाठवतो तसं. व्यवहार म्हणून हे शहाणपणाचंच आहे. पण त्यामुळे रोज अंगाखाली शिंगरू घेणारा हा माणूस त्या ग्रंथात बिननावाचा राहिला. सायमन या आधीच्या लेखकाचं ऋण झेनोफन नाव घेऊन मान्य करतो. शिकवणाऱ्याला ते भाग्य नाही. पाया कसा असावा हे कळतं, तो घालतो कोण हे कळत नाही. ग्रंथातली ही मोठी उणीव आहे, असं मला वाटतं.

आपण तरी वेगळं काय केलं? सभासदाने 1697 साली लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे: 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि त्याच वाक्यांच्या ओघात 25 घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंदही येतो. पाणी आणि खूर! झेनोफन वाचल्यावर हा नालबंद मला एकदम मोठा दिसू लागला. आम्ही हवालदार-जुमलेदारांचे तक्ते उतरवून घेतले आणि नालबंद-पखाल्यांना खोगीरभरती समजून पुढे गेलो. खोगिरात भरती नसली तर घोड्याची पाठ लागते, हे लिहिताना ध्यानात आलं नाही.

बारगिराचा घोडा सरकारचा असायचा. एक स्वार गेला की दुसरा त्याच पाठीवर बसणार. म्हणजे घोड्याला एका मालकाची सवय असून भागत नव्हतं; पाया असा पक्का हवा की कोणीही मांड टाकली तरी त्याने ऐकावं. हे काम चाबुकस्वाराचं आणि मोतद्दाराचं. आपल्या वेगवान घोडदळाचं कौतुक करताना हा हिशेब मांडल्याशिवाय ते कौतुक अर्धंच राहतं.

म्हणून मंडळातल्या तरुण वाचकांना एवढंच म्हणेन की ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथल्या घराण्यांची जुनी पागेची बाडं हाती आली, तर लढायांची पानं शोधण्याआधी चंदी, नाल आणि चाकरांच्या पगाराची पानं वाचा. नावं तिथे सापडली तर सापडतील. पुढच्या निबंधात मीही खुरापासूनच सुरुवात करणार आहे.