मोडकी भाषा कोणाची? हेन्री रॉथ यांच्या ‘कॉल इट स्लीप’विषयी

दलित आत्मकथनांच्या भाषेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. प्रस्थापित समीक्षक बोलीला ‘अस्सल’, ‘रांगडी’ म्हणत पाठीवर थाप मारतो. आपले समीक्षक बोली म्हणजेच विद्रोह असे सांगून मोकळे होतात. बोलीत बोलणारी आपली आई छापील पानावर कशी दिसते, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. एका परक्या कादंबरीच्या आधाराने तो मी इथे विचारणार आहे.

हेन्री रॉथ यांची ‘कॉल इट स्लीप’ १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. रॉथ हे ऑस्ट्रियन साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात १९०६ साली जन्मलेले ज्यू. कळत्या वयापूर्वीच ते आईबरोबर अमेरिकेत आले. कादंबरीतला डेव्हिड शर्लही आईबरोबरच येतो. साल १९०७. त्या एका वर्षात एलिस बेटावरून दहा लाखांवर माणसे अमेरिकेत शिरली. बाप आधीच आलेला आहे. बायको-पोराला पाहून त्याला आनंद होत नाही. हे मूल आपले का, हा संशय त्याला खातो आहे. पोराच्या डोक्यावरची परदेशी धाटणीची टोपी, म्हणजे नवखेपणाची खूण, तो हिसकावतो आणि पाण्यात भिरकावतो. जवळच स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा आहे. नव्या देशाने मुलाकडून पहिली वस्तू काढून घेतली ती अशी बापाच्या हातून.

आता भाषेकडे येऊ. घरात ही माणसे यिडिश बोलतात. रॉथ ते बोलणे इंग्रजीत उतरवतात तेव्हा नितळ, डौलदार, काव्याच्या जवळ जाणारी इंग्रजी वापरतात. रस्त्यावरच्या पोरांची इंग्रजी मात्र कानाला ऐकू येते तशीच लिहिली आहे: चेपलेल्या उच्चारांची, तुटक, शिव्यांनी भरलेली. म्हणजे ज्या आईला नवा देश अडाणी परदेशी बाई समजतो, ती पानावर सर्वांत सुंदर बोलते. आणि ज्या भाषेच्या जोरावर तिला अडाणी ठरवले जाते, तीच भाषा पोरांच्या तोंडी लंगडताना दिसते. आईवर इंग्रजी बोलायची पाळी येते तेव्हा तिचे शब्दही अडखळतात. वाचकाला तेव्हा धक्का बसतो. इतका वेळ जिचे बोलणे आपण मान देऊन ऐकले, तिला बाहेरचे जग कसे ऐकते हे त्याला एकदम कळते. मोडकेपणा बाईत नसून ऐकणाऱ्याच्या कानात आहे, हे लेखकाने एकही व्याख्यान न देता सिद्ध केले आहे.

डेव्हिड लहान असताना एकदा रस्ता चुकतो. आपल्या रस्त्याचे नाव त्याला येते, पण आईच्या तोंडून ऐकले तसे येते. तो ते पुन्हा पुन्हा सांगतो, आणि ऐकणारे भलतेच रस्ते सुचवीत राहतात. पोलीस ठाण्यातही तेच. पत्ता तोंडपाठ असून पोर बेपत्ता! पहिल्या दिवशी वर्गात स्वतःचे नाव सांगताना ज्यांना हसू ऐकावे लागले, त्यांना हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. मी शिक्षक आहे. असे हसू मी आजही वर्गात ऐकतो.

आईची अमेरिका तर चार-सहा रस्त्यांची आहे. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला भाजीबाजार, मागे रेल्वेचे रूळ, पुढे ओळखीच्या दुकानाची एक खिडकी. या खुणांच्या आत तिचा देश संपतो. एवढा समुद्र ओलांडून आलेल्या बाईभोवती पुन्हा वेस पडली आहे. ती वेस ओलांडतो तो पोरगा, आणि ओलांडताना जे भोगायचे ते एकटाच भोगतो. स्थलांतरित मुलाचे खरे दुःख मला इथे दिसते. घराचे छत्र असते, पण बाहेर काय घडले ते घरात सांगायला भाषा नसते.

एका प्रसंगात परधर्मी पोरे त्याला घेरतात आणि तू ज्यू ना, असे विचारतात. तो नाही म्हणतो, आपण हंगेरियन असल्याचे सांगतो. हे वाचताना मराठी वाचकाला बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाचे नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. कादंबरीचा काळ १९१३ च्या आसपास संपतो. त्याच १९१३ च्या जुलैत बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोचले होते. परदेशातील वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिले. परतल्यावर बडोद्यात त्यांना पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले, आणि लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथून बाहेर काढले. एकाच शहरात त्याच काळी एक पोर ओळख लपवायला शिकते आणि एक विद्यार्थी ती न लपवता जगायला शिकतो, ही तुलना बारकाईने करण्यासारखी आहे.

मात्र तुलना ताणू नये. ज्यू मुलाला अमेरिकेत छळ होता, पण कायदा त्याला गोरा मानीत होता आणि म्हणून नागरिकत्वाचे दार उघडे होते. १९२३ साली पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांचे नागरिकत्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने नाकारले. आपण उच्च जातीचे, आर्य, म्हणून गोरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. परक्या देशात न्याय मागायला गेलेला माणूसही जात बरोबर नेतो आणि ती पुराव्यासारखी पुढे ठेवतो! डेव्हिडला नाव बदलून गर्दीत मिसळता येईल; जात आपल्याच माणसांच्या घोळक्यातून मागोमाग येते. सिअॅटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो याच कारणाने.

या कादंबरीचे तिच्या काळात काय झाले, तेही आपण लक्षात घेतले पाहिजे. रॉथ स्वतः कम्युनिस्ट पक्षाचे होते. तरी ‘न्यू मासेस’ या डाव्या नियतकालिकाने १९३५ साली तक्रार केली की कामगारवर्गातून आलेल्या लेखकाने आपल्या अनुभवाचा उपयोग असल्या अंतर्मुख लेखनासाठी करावा, हे दुर्दैव. पुस्तक विस्मरणात गेले. १९६४ साली स्वस्त आवृत्ती निघाली आणि लाखो प्रती खपल्या. मधली वर्षे रॉथ मेन राज्यात बदके पाळून पोट भरत होते. त्यांची पुढची कादंबरी आली ती १९९४ साली. या मौनाची कारणे अनेक असतील. सगळा दोष एका परीक्षणावर टाकणे योग्य होणार नाही. परंतु ‘यात मी फार, चळवळ कुठे?’ असा सवाल आपणही आपल्या लेखकांना करीत आलो आहोत. पोराच्या भीतीत समाजाचा अख्खा नकाशा असू शकतो, हे ज्याला दिसत नाही त्याने समीक्षा करू नये.

मग आपण या पुस्तकाकडून काय घ्यावे? दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू बोलतो आणि शिकलेला दया पवार ऐकतो. एकाच माणसाची ही दोन नावे म्हणजे आपल्या भाषेतली फूटच आहे. आपल्या अनेक आत्मकथनांत निवेदक प्रमाण मराठीत विचार करतो आणि आई बोलीत रडते. विचार प्रमाणभाषेकडे, हुंदका बोलीकडे, ही वाटणी कोणी केली? रॉथ यांचा उपाय जसाच्या तसा उचलावा, असे मी म्हणत नाही. आईची बोली शुद्ध करून लिहिली तर तिचा आवाजच जाईल, आणि तो जपण्यासाठीच आपले साहित्य उभे राहिले. पण बोलीला विचार करू द्या. तिच्यात तर्क येऊ द्या, थट्टा येऊ द्या, तत्त्वज्ञान येऊ द्या; आणि साहेबाचे, मास्तराचे, सावकाराचे प्रमाण बोलणे आपल्या आईच्या कानाला कसे ओबडधोबड लागते, तेही एकदा लिहा.

आज आपलीही मुले आईबापांबरोबर परदेशी जात आहेत. ती उद्या लिहितील, कदाचित इंग्रजीत लिहितील. त्या पानांवर त्यांची आई कोणत्या भाषेत बोलेल, यावर त्या साहित्याची किंमत ठरेल.